अकरा वेळा काहून

परवा रेडिओवर एक नाटक लागलं होतं. बंगला, मालक, मालकीणबाई, सगळी मंडळी छापील मराठीत बोलत होती. मग दार वाजलं, नोकर आत आला, त्याने तोंड उघडलं आणि मी उठून रेडिओ बंद केला. घरचे विचारायला लागले, काय झालं? काय व्हायचंय! चाळीस वर्षं झाली, नोकर अजून माझ्याच जिल्ह्याचं बोलतो. डॉक्टर बोलत नाही, वकील बोलत नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच नाही. चहाचा ट्रे घेऊन आलेला तेवढा 'मले' आणि 'तुले' म्हणतो आणि लोक हसतात. अशा वेळी मला डोमाजी फिटर आठवतात आणि पाठोपाठ स्वतःचा राग येतो. वयाबरोबर हा राग निवळेल असं वाटलं होतं. निवळला नाही.

डोमाजी पांढरकवड्याच्या एका जिनात फिटर होते. कपाशीतून सरकी काढणारे रेचे तिथे ओळीने मांडलेले, वर लांबच लांब शाफ्ट आणि तिच्यावरून प्रत्येक रेच्यावर उतरलेला चामडी पट्टा. हंगामात त्या शेडमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. डोमाजींना मात्र सगळं ऐकू यायचं. एक लांब दांडीचा पेचकस ते बेअरिंगवर टेकवायचे, त्याच्या मुठीला कान लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "हे दोन दिवस चालन, मंग बसन," असं म्हणाले की ते तिसऱ्या दिवशी जाम होऊन बसायचंच. बुटके, रुंद खांद्यांचे, भुवयांवर कायम रुईचा भुरका. खाकी सदऱ्याच्या खिशात एक चिंधी असायची. कागदाला हात लावायच्या आधी, मग तो वर्तमानपत्राचा कपटा का असेना, त्या चिंधीने दोन्ही हात पुसून घ्यायचे.

त्यांच्या नावाची गोष्ट मी पांढरकवड्यात येण्याआधीची. मला ती सांगितली रहेमानभाईंनी, ज्यांचं मोटार स्टँडच्या रस्त्यावर सायकलचं दुकान होतं. छप्पन सालापर्यंत डोमाजींना सगळा गाव 'डोम्या' म्हणत असे. त्या वर्षी दसऱ्याला ते ट्रकमध्ये बसून नागपूरला गेले, दीक्षा घेतली आणि तिसऱ्या दिवशी परत आले. कामावर हजर झाले तर मॅनेजर ओरडला, "ए डोम्या, सातव्या रेच्याचा पट्टा उतरला, चढव!" हे आपले कुपीने तेल घालत राहिले. मॅनेजर तीनदा ओरडला आणि शेवटी जवळ येऊन म्हणाला, "बहिरा झाला का बे?" डोमाजींनी चिंधीला हात पुसले.

"डोम्या कोन? तो तिकडं नागपूरलेच राह्यला, साहेब. वापस नाही आला. मी डोमाजी."

त्या दिवशी सातवा रेचा दोन तास बंद राहिला. बाहेर कपाशीच्या गाड्यांची रांग लागली, मॅनेजरने दुसऱ्या माणसाकडून पट्टा चढवून पाहिला, तो पुन्हा उतरला. शेवटी दातओठ खात तो म्हणाला, "डोमाजी, पट्टा चढवा." डोमाजी लगेच उठले. तो 'जी' त्यांना कुणी दिलेला नव्हता, दोन तास अडून राहून त्यांनी तो मिळवलेला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्याच्यावरूनच झालं.

मी अठ्ठावन्न साली तिथल्या शाळेत मराठी शिकवायला गेलो. मी दारव्ह्याकडचा. घरात आई 'काहून' म्हणायची, बाप 'काहून' म्हणायचा, मीही म्हणायचो. शिक्षकाचं शिक्षण घ्यायला गेलो तिथे मी 'काहून' म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा. सहा महिन्यांत मी 'का' म्हणायला शिकलो आणि पुढच्या वर्षी नव्या पोरांना हसणाऱ्यांत मीच पुढे होतो. मग नोकरी लागली आणि हातात लाल शाई आली. पोरांच्या वह्यांत 'मले' दिसलं की वर्तुळ, 'काहून' दिसलं की वर्तुळ. मला वाटायचं, मी त्यांचं भलं करतोय.

रहेमानभाईंच्या दुकानात बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. त्याची एरियल डोमाजींनी ताणून दिली होती, जुन्या मोटारीच्या गुंडाळीतली तांब्याची तार, दुकानाच्या बांबूपासून समोरच्या कडुलिंबापर्यंत. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही चौघं तिथे जमायचो. रहेमानभाई, डोमाजी, मी आणि शेजारचे टेलर बापूरावजी. कारण होतं एक नभोनाट्य. अंतराळात जाणाऱ्या मंडळींची ती मालिका होती, आठवड्याला एक भाग. तिचं नाव मी इथे घेणार नाही, तेवढी तिची लायकी नाही. पण खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात आम्ही तिच्यासाठी वेडे झालो होतो. काळ दोनशे वर्षांनंतरचा. एक प्राध्यापक, त्यांची मुलगी, एक तरुण कप्तान, आणि चंद्रावरून पुढे मंगळाकडे निघालेलं यान.

भाग संपला की चर्चा सुरू व्हायची. बापूरावजींचं दर आठवड्याला एकच म्हणणं, "त्या पोरीचं त्या कप्तानासंगं लगन लावून द्या ना बाप्पा एकडावचं! कायले लोंबकळत ठेवून राह्यले?" रहेमानभाईंना प्राध्यापकाचा आवाज आवडायचा. मी भाषेबद्दल बोलायचो, संवाद किती भारदस्त आहेत वगैरे. डोमाजी सगळ्यांत शेवटी बोलायचे. रेडिओ ऐकतानाही ते बेअरिंग ऐकत असल्यासारखे मान कलती करून, डोळे मिटून बसायचे. पहिल्याच भागात यान आकाशात झेपावलं, मोठा घरघराट झाला, आम्ही श्वास रोखले, आणि डोमाजी डोळे न उघडता म्हणाले, "स्टोव्ह हाय. वॉशर गेला हाय त्याचा."

रहेमानभाईंनी दुसऱ्या दिवशी दुकानातला स्टोव्ह पेटवून खात्री केली. तंतोतंत तोच आवाज. त्यानंतर यान उडालं की आम्हाला चहाची तलफ यायची.

चंद्रावरच्या भागावरून तर मोठंच भांडण झालं. चंद्रावर उतरल्या उतरल्या कप्तान मोठ्याने हाक मारतो, मुलगी दुरून ओ देते, दगड घरंगळतात, धाडधाड आवाज. डोमाजी भडकले. "चंद्रावर हवा नाही हे त्याच प्राध्यापकानं मागच्या गुरुवारी सांगतलं. हवा नाही तं आवाज कायचा? दगड काय पोस्टानं आवाज पाठवून राह्यला?"

"अरे डोमाजी, रेडिओ है ये," रहेमानभाई म्हणाले. "आवाज नहीं तो रेडिओवाले क्या करते? मुंडी हिलाते?"

"चूप बसाचं."

"चूप?"

"एक मिनिट अख्खं चूप बसाचं. लोकायले कळू द्या ना, चंद्रावरचं चूप कसं रायते ते."

आम्ही हसलो. रेडिओवर एक मिनिट शांतता! लोक बॅटरी संपली म्हणतील. पण त्या दिवशी घरी जाताना मला ते राहून राहून आठवत होतं. आज वाटतं, त्या अख्ख्या मालिकेबद्दल कुणी काढलेलं ते एकमेव शहाणं वाक्य. इतकी नावं ठेवायचे, पण डोमाजींनी गुरुवार कधी चुकवला नाही. हंगामात पाळी बदलून घ्यायचे. "चुकते ते ठीक हाय," म्हणायचे. "पर कोनीतरी वरचा इचार करून राह्यलं ना."

मग चौथ्या का पाचव्या भागात तो गणप्या आला.

यान मंगळाकडे निघालं आणि कळलं की आत एक नोकरही आहे. प्राध्यापकांचा. तो यान झाडायचा. प्राध्यापकांनी हाक मारली, "गणप्या!" आणि तो रडक्या आवाजात म्हणाला, "मालक, मले जातो जी! मले लय भेव लागते जी!"

मी हसलो. कबूल करतो, खो खो हसलो. रहेमानभाईही हसले. बापूरावजींना हसता हसता ठसका लागला. डोमाजींनी डोळे उघडले आणि आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं.

"'मले जातो'?" ते म्हणाले. "गुरुजी, 'मले' म्हंजे 'मला'. 'मला जातो' असं कोन बोलते? आमच्या घरचं दोन वर्साचं लेकरू नाही बोलत. हे आमची बोली हाय का? हे आमच्या बोलीचं सोंग हाय."

"अहो, गमतीसाठी असतं ते," मी म्हणालो.

"अन् झाडते काय तो? यानात वजन नाही म्हंते ना? सगळं तरंगते म्हंते. मंग कचरा खाली पडनच कसा? झाडू कायले पाह्यजे?" त्यांचा आवाज चढत गेला. "दोनशे वर्सं झाली म्हंते. गावं गेली, रस्ते गेले, लोकं मंगळावर चालले. सगळं बदललं, अन् झाडू? तो तसाच? अन् आमच्याच हातात?"

 बापूरावजींनी विडी पेटवली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायलाही बसलो नसतो. पण रेडिओ मॅनेजरच्याही घरी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी शेडमध्ये शिरले तर मॅनेजरने दारातूनच हाक दिली, "काय गणप्या, झाडलं का मंगळावर?" शेड हसली. कारकून म्हणायला लागला, गाडीवाले म्हणायला लागले, काही हमालही म्हणायला लागले. चार वर्षं ज्या मॅनेजरला नाइलाजाने 'जी' म्हणावं लागत होतं, त्याला रेडिओने आयतं नवं नाव हातात दिलं. 'डोम्या' म्हणता येत नाही? ठीक. 'गणप्या' म्हणता येतं. आणि वर मानभावीपणे म्हणता येतं की चिडता कशाला, रेडिओतलं आहे. एका मॅनेजरसाठी एक पट्टा बंद ठेवता येतो, साऱ्या गावासाठी कोणता पट्टा बंद ठेवणार?

डोमाजींनी ठरवलं, पत्र लिहायचं. गणप्या जिथून सुटला तिथेच त्याला थांबवायचं. मालिका अजून चालू होती, दर पंधरा दिवसांनी श्रोत्यांची पत्रं वाचली जायची, नाटककार स्वतः उत्तरं द्यायचा. गणप्याला शहाण्यासारखं दोन वाक्यं बोलू दिली तर मॅनेजरच्या तोंडचं नाव आपोआप पडेल, हा त्यांचा हिशेब होता. तीन संध्याकाळी बसून त्यांनी वहीच्या कागदावर चार पानं लिहिली आणि शाळेत माझ्याकडे घेऊन आले.

"गुरुजी, जरा पाहून घ्या. काना-मात्रा कुठं चुकली असन तं."

मी वाचलं. मला आजही ते पाठ आहे. 'तुमचा गणप्या आमची बोली बोलून राह्यला असं तुम्हाले वाटते, पर ते आमची नाही. आमची बोली पाह्यजे असन तं आम्हाले इचारा. अन् शहाण्या मानसाच्या तोंडी आमची बोली काहून नाही? प्राध्यापक काहून आमच्यासारखा बोलत नाही? काहून हा शास्त्राचा पह्यला सबद हाय. सफरचंद खाली काहून पडलं, असं कोनीतरी इचारलं म्हनून तुमचं यान वर चाललं. ज्याले काहून म्हंता येते त्याच्या हाती तुम्ही झाडू काहून देता?' अशी चार पानं. वजनाचा मुद्दा, कचऱ्याचा मुद्दा, चंद्रावरच्या शांततेचा मुद्दा, सगळं होतं.

मी काय केलं ते ऐका. मी लाल शाई काढली. सवयीने, काही विचार न करता, 'काहून' दिसेल तिथे वर्तुळ काढलं. मग एक कोरा ताव घेतला आणि सुवाच्य अक्षरात नवं पत्र लिहिलं. 'सदर मालिकेतील सेवकाच्या मुखी घातलेली ग्रामीण भाषा वास्तवास धरून नाही, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.' माझ्या मते मी त्यांची लाज राखत होतो. शहरातले शिकलेले लोक वाचणार, त्यांनी हसू नये. दुपारच्या सुट्टीत डोमाजी सही करायला धावत आले. त्यांनी चिंधीने हात पुसले. मी वरच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. "मुद्दे सगळे हायत ना?" त्यांनी विचारलं. "सगळे आहेत," मी म्हणालो. त्यांनी विश्वासाने सही केली.

तीन आठवड्यांनी, साडेसातच्या भागानंतर निवेदिकेने त्यांचं नाव घेतलं. पुरं नाव, 'श्री.' लावून. रहेमानभाईंनी डोमाजींच्या पाठीवर थाप मारली. डोमाजी ताठ बसले. पत्रातली चार वाक्यं तिने वाचली, माझी वाक्यं. ऐकता ऐकता डोमाजींची मान हळूहळू माझ्याकडे वळली. मग नाटककाराचं उत्तर आलं. गोड, समजूतदार आवाज. आपल्या नव्या राज्याच्या कानाकोपऱ्यातून अशी सुंदर, शुद्ध मराठीतली पत्रं येतात याचा आनंद वाटतो. मात्र इतक्या सुसंस्कृत श्रोत्याला आपल्याच भागातल्या साध्याभोळ्या गणप्याचा एवढा तिटकारा का असावा? शिकलेल्या माणसाने आपल्या मातीची लाज बाळगू नये.

मातीची लाज! डोमाजींना! मी त्या नाटककाराला कधी पाहिलं नाही, पण त्या संध्याकाळी तो समोर असता तर मी त्याच्यावर सायकलचा पंप उगारला असता. आणि मग तो पंप मला स्वतःलाही मारून घ्यावा लागला असता.

डोमाजींनी रेडिओ बंद केला. "गुरुजी, माह्यं पत्र कुठं हाय?"

ते माझ्या पिशवीत होतं, तपासायच्या वह्यांमध्ये. खोटं बोलायचं मनात आलं, पण बोललो नाही. काढून दिलं. त्यांनी हात पुसले आणि चारही पानं कंदिलाजवळ धरून सावकाश पाहिली. वाचत नव्हते, मोजत होते.

"अकरा," ते म्हणाले. "अकरा डाव इचारलं मी, काहून. अन् तुम्ही अकराई डाव चूक धरलं."

"डोमाजी, मी आपलं..."

"रेडिओवाल्याचं मले काही नाही वाटत, गुरुजी. तो मले वळखत नाही. तुम्ही तं दारव्ह्याचे हा ना? तुमची माय काय म्हंते घरी?"

ते पत्र त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्याही पुढच्या गुरुवारी नाही. दुकानात ते ज्या खोक्यावर बसायचे त्यावर कुणी बसेना.

मालिकेचा शेवट आम्ही तिघांनी ऐकला. मंगळावरून परतताना इंधन कमी पडतं, वजन कमी करायला कुणीतरी मागे राहायला हवं. कोण राहणार? सांगायला हवं का? गणप्या आनंदाने राहतो. प्राध्यापक म्हणतात, गणप्या, मानवजात तुला विसरणार नाही. आणि पुढच्याच मिनिटाला कप्तानाचं आणि मुलीचं लग्न ठरतं. बापूरावजी चार महिने ज्याची वाट पाहत होते ते लग्न. पण त्यांनी नुसती विडी पेटवली. रहेमानभाईंनी खट्कन बटण फिरवलं.

"मरनेवाले का तो पूरा नाम लेते!" ते म्हणाले. "गणपत बोलते तो क्या जीभ जलती थी इनकी?"

एप्रिल आला. रशियाने माणूस वर पाठवल्याची बातमी रहेमानभाईंच्या रेडिओने सांगितली आणि दोनच दिवसांनी बाबासाहेबांची जयंती होती. दर वर्षी वस्तीत गाणी व्हायची, भाषणं व्हायची. त्या वर्षी रहेमानभाई दुपारी मला म्हणाले, "गुरुजी, शाम को चलना. डोमाजीने मेरा स्टोव्ह माँग के लिया." जाऊ की नको करत मी गेलो आणि मागे, कडेला उभा राहिलो.

मैदानात एक चादर आडवी बांधली होती आणि तिच्यावर भाड्याचा भोंगा. माणसं दिसायची नाहीत, फक्त ऐकायची. चादरीमागून डोमाजींचा आवाज आला, "आमचं यान चाल्लं!" आणि स्टोव्ह घरघरला. कप्तान होती जिनात कपाशी निवडणारी सखूबाई. "खिडकीतून पाहा जी," ती म्हणाली, "इकडं आभाळ काळं काहून दिसून राह्यलं?" आणि यानाचे फिटर झालेले डोमाजी तिला सांगत होते काहून ते. धूळ नाही, हवा नाही, उजेड पसरवायला काही नाही. साधं, सरळ, पोराला समजेल असं. कुणी मधेच विचारलं, "झाडू कुठं हाय?" त्यावर उत्तर आलं, "आनलाच नाही. कचरा खाली पडत नाही, तं झाडू कायले?" त्यावर जो टाळ्यांचा आवाज झाला तसा मी शाळेच्या कुठल्या समारंभात कधी ऐकला नाही.

हसवायला एक पात्र होतंच. एक गुरुजी. यान हललं की ते म्हणायचे, "अरेरे, मजला भोवळ येत आहे, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो!" त्यांच्या ओरडण्यावरूनच कळायचं की त्यांची लाल शाईची बाटली हवेत तरंगतेय आणि ते तिच्यामागे पोहताहेत. लोक लोटपोट झाले. रहेमानभाईंनी माझ्याकडे चोरून पाहिलं. माझे कान तापले होते, पण हसूही आवरत नव्हतं. संवाद अगदी व्याकरणशुद्ध होते हो. माझ्या भाषेचं सोंग त्यांनी नाटककाराने केलं त्याच्यापेक्षा कितीतरी प्रामाणिकपणे केलं होतं.

मग यान चंद्रावर उतरलं. डोमाजी म्हणाले, "आता चूप." स्टोव्ह बंद झाला. भोंग्यातून काही येईना. आठ-नऊशे माणसं, बायाबापड्या, लेकरं, कुणी हूं की चूं केलं नाही. लांब कुठेतरी एक बैलगाडी गेली तेवढीच. एक मिनिट खरंच किती मोठं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

संपल्यावर मी चादरीमागे गेलो. डोमाजी स्टोव्हचा वॉशर बघत होते. "चांगलं झालं," मी म्हणालो. ते म्हणाले, "तो वर गेला ना रशियाचा, त्याचा बाप सुतार हाय म्हंते. पेपरात आलं." मग स्टोव्ह खाली ठेवून म्हणाले, "तो वर काय बोलला असन, गुरुजी? त्याच्या घरचंच बोलला असन ना?" मी मान हलवली. माफी मागायची राहून गेली. मागायला पाहिजे होती, हे मी इथे लिहून ठेवतो.

वस्तीत गणप्या त्या दिवशी संपला. जिनात संपला नाही. मॅनेजर जयंतीला थोडाच आला होता!

जूनमध्ये माझी बदली उमरखेडला झाली. मोटार स्टँड जिनाच्या फाटकासमोरच होता. मी ट्रंक टपावर चढवून खिडकीशी बसलो होतो. हंगाम नव्हता, फाटक उघडं होतं, आवारात रुईचा एक कण नव्हता. डोमाजी एक जुना पट्टा खांद्यावर टाकून रस्ता ओलांडत होते, रहेमानभाईंच्या दुकानाकडे. फाटकातून मॅनेजर ओरडला, "ए गणप्या! अबे गणप्या!"

डोमाजी वळले नाहीत. चालत राहिले, त्याच चालीने. पाच वर्षांपूर्वी तेल घालत राहिले होते तसे. मॅनेजर तिसऱ्यांदा ओरडला. मोटारीतली माणसं हसायला लागली. माझ्या शेजारचा एक गृहस्थ म्हणाला, "रेडिओतलं नाव ठेवलं वाटते!" आणि माझ्या आत कुठे काय तुटलं ते मला सांगता येणार नाही. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. तीन वर्षं ज्या गावात मी पोरांना शुद्ध मराठी शिकवली, त्या गावाच्या भर स्टँडवर, माझे चार-पाच विद्यार्थी समोर उभे असताना, मी बोंबललो,

"ओ मॅनेजरसाहेब! त्यायचं नाव डोमाजी हाय! तुम्हाले डोमाजी म्हंता येत नाही? काहून नाही येत? काहून?"

 मॅनेजर तोंड उघडं ठेवून बघत राहिला. ड्रायव्हरने मोटार सुरू केली. रस्त्याच्या मधोमध डोमाजी थांबले आणि आता वळले. मॅनेजरकडे नाही, माझ्याकडे. खांद्यावरचा पट्टा सावरून त्यांनी हात वर केला आणि मोटारीच्या घरघराटावरून ओरडले,

"लाल शाई सरली वाटते, गुरुजी!"